दिव्याखाली अंधार : कॉर्डलेस ड्रिल, १४ महिन्यांनंतर

१८ व्होल्ट, १३ मिलिमीटरचा चक (भोक पाडणारं बिट धरणारा जबडा), ठोक्याची सोय असलेलं कॉर्डलेस ड्रिल. बाकीचे आकडे खोक्यावर असतातच. गेल्या आठवड्यात चार्जरने बॅटरी घ्यायला साफ नकार दिला, लाल दिवा लुकलुकत राहिला, म्हणून हे लिहायला बसलो. पण बॅटरीचं नंतर. आधी त्या दुसऱ्या दिव्याचं.

ट्रिगरच्या वर एक एलईडी आहे. घेताना मी त्याच्यावरच भाळलो होतो, खोटं कशाला बोलू! दिवा चकच्या खाली आणि चक जाडजूड, त्यामुळे बिटाचं टोक जिथे टेकवायचं नेमकी तिथेच सावली पडते. आजूबाजूची सगळी भिंत उजळते, पेन्सिलीने केलेली फुली तेवढी काळोखात. बरं, ट्रिगर दाबल्याशिवाय दिवा लागत नाही. अगदी अलगद दाबला तर नुसता दिवा लागतो म्हणे, पण माझा हात तेवढा हलका नाही. मग बिट फिरायला लागतं, फुलीवरून घसरतं आणि रंगावर एक ओरखडा ठेवून जातं. माझ्या घरात असे चार ओरखडे आहेत. एकावर कॅलेंडर लावलंय.

विटेच्या भिंतीबद्दल तक्रार नाही. लाल भुगा आला की समजायचं, काम होणार. ६ मिलिमीटरचं भोक, त्यात प्लास्टिकची गिट्टी, वर स्क्रू. पहिल्या तीन महिन्यांत दोन फळ्या, एक आरसा आणि चपलांचं कपाट लागलं. खोली कळावी म्हणून बिटाला चिकटपट्टी गुंडाळतो आणि भुगा झेलायला भोकाखाली कागदाची पुडी चिकटवतो.

मग पडद्याचा रॉड लावायला घेतला. खिडकीच्या वर लाल भुगा जेमतेम दिसला आणि करडी पूड यायला लागली. बिट सेंटीमीटरभर आत गेलं आणि अडलं. मी सगळं वजन टाकून दहा मिनिटं रेटत होतो, बिट तापून निळं पडायला आलं. यंत्रात दम नाही, पैसे पाण्यात गेले, असं मोठ्याने म्हणालोही. शिडी धरून उभी असलेली बायको शांतपणे म्हणाली, "अहो, ते उलटं फिरतंय."

फिरतच होतं. आधीचा स्क्रू काढताना दाबलेलं बटण तसंच राहिलं होतं. आता यात माझी चूक किती आणि त्या एलईडीची किती, हे वाचणाऱ्यांनी ठरवावं. टोक दिसलं असतं तर कोणत्या दिशेला फिरतंय तेही दिसलं असतं.

सुलट फिरवल्यावर आणखी अर्धा सेंटीमीटर गेलं आणि पुन्हा थांबलं. तेव्हा कळलं की खिडकीवर लिंटेल, म्हणजे वरच्या भिंतीचं वजन पेलणारी आडवी तुळई असते आणि ती काँक्रीटची. या प्रकारच्या ड्रिलमध्ये ठोका बसतो तो दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून उड्या मारतात म्हणून. मिनिटाला हजारो ठोके, पण प्रत्येक ठोका लहान मुलाच्या चापटीएवढा. शेजाऱ्यांकडून वायरचं रोटरी हॅमर आणलं. त्यात दट्ट्या हवा दाबून ठोका देतो, आपण रेटायची गरजच नसते. तीच भोकं दोन-दोन मिनिटांत झाली. म्हणजे ड्रिल वाईट नव्हतं, मी त्याच्याकडून भलतं काम करून घेत होतो. एक तारा देणार होतो तो निर्णय तिथेच मागे घेतला. (न्हाणीघरातल्या टाइलवर मात्र ठोका चालू ठेवू नका. का, ते विचारू नका.)

आता ज्याच्यासाठी हे यंत्र ठेवावं ती गोष्ट. चकच्या मागची आकड्यांची कडी, क्लच. सहा महिने मी तिला हात लावला नव्हता, सगळं ड्रिलच्या चित्रावर ठेवूनच चालवायचो. कपाटाच्या बिजागऱ्या बसवताना स्क्रू प्लायवूडमध्ये घुसून मोकळे फिरायला लागले, तेव्हा कडी ५ वर आणली. स्क्रू बसला की यंत्र टर्रर्र करून स्वतःच थांबतं. नरम लाकडाला कमी आकडा, कठीणाला जास्त. त्या दिवशी मी घरभर हिंडून जे स्क्रू ढिले नव्हते तेही काढून पुन्हा बसवले.

बॅटरी. काम संपल्यावर ती पुरती उतरलेली होती, तशीच कपाटात टाकली आणि चार महिन्यांनी काढली. लिथियमच्या बॅटरीला हे सोसत नाही. ठेवायची तर साधारण अर्धी भरून ठेवायची. फार खाली उतरली की चार्जर तिला घेतच नाही, आणि ते सुरक्षेसाठीच असतं. दुसऱ्या बॅटरीच्या वायरी जोडून ती 'जागी' करायचे उपाय लोक सांगतात. मी केले नाहीत, आग लागू शकते.

सर्व्हिस सेंटरवर अर्धा तास वाद घातला. बॅटरीला वॉरंटी ६ महिन्यांचीच, हे पुस्तिकेत असल्याचं त्यांनी दाखवलं. होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. नव्या बॅटरीची किंमत यंत्राच्या जवळजवळ निम्मी. दोन बॅटऱ्यांचा संच तेव्हा महाग वाटला होता, आता हिशेब करायचा धीर होत नाही. २० व्होल्टचं घ्यायला हवं होतं, असं शेजारी म्हणाले. दोन्हींत पाचच सेल असतात. प्रत्येकी ३.६ व्होल्ट धरले तर १८, नुकतीच भरलेली मोजली तर २०च्या आसपास. हे त्यांना सांगितलं नाही, रोटरी हॅमर पुन्हा लागणार आहे.

नवी बॅटरी घेतली. सोबत डोक्याला बांधायचा टॉर्चही घेतला, आणि १४ महिन्यांत पहिल्यांदा मला माझी फुली दिसली. पाचपैकी साडेतीन तारे. एक बॅटरीचा कापला, अर्धा टॉर्चच्या पैशांचा.