जुने सुटे भाग ‘जमा’ करून घेणाऱ्या दुकानदाराबाबत इशारा

गिअरबॉक्स घरी दुरुस्त करणाऱ्याला जो दुकानदार ‘जुना माल जमा करा, भाव कमी लावतो’ असे सांगतो, त्याच्याकडे आपले जुने भाग सोडून येऊ नये. नवी मुंबईतील एका दुकानात अशीच सवलत देऊन माझी फसवणूक करण्यात आली.

माझ्या जुन्या जीपचा दुसरा गिअर तिसऱ्यावरून खाली घेताना करकरत असे आणि न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर येणारी घरघर क्लच दाबताच थांबत असे. दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणारी पितळी कडी) आणि इनपुट शाफ्टचे, म्हणजे इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचे, बेअरिंग, दोन्ही गेले असावे हे उघड होते. घोडबंदर रस्त्यावरील घराच्या पार्किंगमध्ये मी गिअरबॉक्स उतरवून उघडला, घट्ट बसलेली बेअरिंग वागळे इस्टेटमधील एका प्रेसवर काढून घेतली आणि सर्व भाग नमुन्यासाठी दुकानात नेले. दुकानदाराने सीलबंद किट दिले, जुने भाग ठेवून घेतले, पैसे एका खासगी व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर मागितले आणि कच्च्या पावतीवर केवळ ‘गिअर सामान’ एवढेच लिहिले.

पाकीट नवे होते, आतली पितळी रिंग मात्र वापरलेली होती. सिंक्रो रिंगच्या आतील बाजूस स्क्रूच्या आट्यांसारख्या बारीक रेषा असतात. त्यांच्या कडा तेलाचा थर कापतात, म्हणूनच रिंग गिअरच्या कोनला (निमुळत्या भागाला) धरते आणि दोन्हींचा वेग जुळतो. या रिंगला बाहेरून बफिंग (घासून चकाकी) केले होते, दातांची टोके कानशीने घासली होती, पण आतल्या रेषा सपाट झालेल्या होत्या आणि कोनवर दाबून फिरवल्यास ती धरण्याऐवजी सरकत होती. रिंग आणि गिअरचे दात यांच्यातील फट नव्या रिंगला साधारण 1 मिलिमीटर असते आणि ती 0.5 च्या खाली गेल्यास रिंग बाद समजतात. माझ्या फीलर गेजवर (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांवर) ती 0.4 भरली. बेअरिंगवरील नामांकित कंपनीची खूण तर थिनरच्या फडक्याने पुसली गेली. (अस्सल बेअरिंगवर ती सहसा लेसरने कोरलेली असते.)

दुकानदाराने आधी ‘घरी उघडले म्हणजे फिटिंग चुकलेच’ असे सुनावले. रिंग अद्याप शाफ्टवर चढवलेलीच नाही हे सांगताच ‘ही तुमचीच जुनी रिंग आहे’ असा पवित्रा घेतला. जुने भाग जमा करून घेण्यामागील खरा हेतू तेव्हा उघड झाला, कारण तुलनेसाठी दाखवायची माझी रिंग त्याच्याकडेच होती आणि पावतीवर पार्ट नंबर नव्हता. मात्र खोलताना प्रत्येक भागाचे छायाचित्र टिपण्याची माझी सवय उपयोगी पडली: छायाचित्रात माझ्या मूळ रिंगचा एक दात तुटलेला स्पष्ट दिसत होता, आणि किटमधील रिंगचे सर्व दात शाबूत होते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर त्याने बेअरिंगचे पैसे परत केले, रिंगबाबत मात्र नकार कायम ठेवला. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. त्यासाठी मुदत दोन वर्षांची असून 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. छायाचित्रे, यूपीआयची नोंद आणि ती निरुपयोगी रिंग घेऊन मी ठाणे जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. नव्या रिंगा अधिकृत वितरकाकडून पार्ट नंबर लिहिलेल्या जीएसटी बिलावर घेतल्या आणि काउंटरवरच कोनवर फिरवून पाहिल्या.