खडकाची भेग कणाकणाने दाखवणारी ‘यादे’ प्रणाली

खडकाचा नमुना दाबयंत्रात फुटतो तेव्हा आपल्याला शेवटची मोठी भेग तेवढी दिसते. बारीक भेगा आधी कुठे पडल्या आणि एकमेकींना कशा मिळाल्या, हे पाहायचे असेल तर ‘यादे’ ही खडक किंवा वाळू सुट्या कणांची मानून तिची संगणकावर चाचणी घेणारी मुक्तस्रोत संगणक प्रणाली मी मनापासून सुचवेन. कंडल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ साली मांडलेल्या पद्धतीनुसार ती प्रत्येक कणाची हालचाल न्यूटनच्या नियमाने टप्प्याटप्प्याने काढते, आणि कणांमधला बंध ताण सोसेनासा झाला की तो तोडते. प्रणालीचा गाभा सी प्लस प्लस या संगणकीय भाषेत असला तरी आज्ञा पायथन या सोप्या भाषेत देता येतात, त्यामुळे चाचणी चालू असतानाच एखाद्या कणावरचे बल तपासता येते. ही सोय मला फार मोलाची वाटते.

खरी कसोटी मापदंड, म्हणजे कणांच्या आणि बंधांच्या गुणधर्मांचे आकडे, खऱ्या खडकाशी जुळवताना लागते. खऱ्या खडकाची दाबशक्ती ताणशक्तीच्या दहापट किंवा त्याहून अधिक असते, पण फक्त लगतचे गोल कण चिकटवलेल्या साध्या प्रतिमानात हे गुणोत्तर बरेच कमी येते. यादेतील सांधेयुक्त (नैसर्गिक फटी असलेल्या) खडकाच्या प्रतिमानात जरा दूरच्या कणांनाही बंधाने जोडता येते, आणि तेथेच ही प्रणाली उजवी ठरते. कोरड्या वाळूसाठी मात्र गोल कण सहज घरंगळतात, म्हणून लोळण्याला होणारा रोध वेगळा द्यावा लागतो. गणनेचा प्रत्येक कालटप्पा अतिशय लहान असल्याने लाखभर कणांची चाचणी साध्या लॅपटॉपवर रेंगाळते. ही प्रणाली मुख्यतः लिनक्स या संगणकाच्या कार्यप्रणालीवर चालते, म्हणून लिनक्सची सवय नसलेल्या विद्यार्थ्याने आधी ती करून घ्यावी.