एमजीबीच्या एसयू एचएस४ जोडीची रीबिल्ड किट : पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

१९६२ पासून ॲबिंग्डनच्या कारखान्यातून निघालेल्या सुरुवातीच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये १७९८ सीसीच्या बी-सिरीज इंजिनावर एसयू कंपनीच्या दीड इंची एचएस४ कार्ब्युरेटरची (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची) जोडी असते. पुढच्या गाड्यांत एचआयएफ४ आले. त्यांच्यात फ्लोटची वाटी कार्ब्युरेटरच्या पोटातच असते, त्यामुळे ही किट त्यांना चालत नाही. अमेरिकेत गेलेल्या शेवटच्या रबर बंपरवाल्या गाड्यांवर एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर असतो, त्यांचाही इथे संबंध नाही. गाडीच्या सालावर विसंबून ऑर्डर देऊ नका. बॉनेट उघडा आणि फ्लोटची वाटी बाजूला वेगळी लटकलेली आहे ना, ते आधी पाहा.

एचएस४ साठी दोन प्रकारच्या किट मिळतात. छोटी सर्व्हिस किट म्हणजे गॅस्केट, फ्लोटचे नीडल व्हॉल्व्ह, जेटच्या नळीची रबरं आणि वॉशर. मोठ्या रीबिल्ड किटमध्ये याशिवाय दोन जेट (पेट्रोल सोडणारी तोंडं), त्यांतून किती पेट्रोल जाईल ते ठरवणाऱ्या दोन सुया, हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या थ्रॉटलच्या चकत्या, त्या फिरवणारे दोन थ्रॉटल स्पिंडल (दांडे) आणि चकत्यांचे स्क्रू येतात. फ्लोटच्या झाकणातून किंवा ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळणं एवढीच तक्रार असेल, तर छोटी किट पुरते. हे परीक्षण मोठ्या किटचं आहे.

मोठ्या किटची खरी किंमत स्पिंडल आणि जेट या दोन वस्तूंत आहे. त्यातल्या स्पिंडलचा उपयोग होणार की नाही, हे तुमच्या कार्ब्युरेटरची बॉडी ठरवते. एचएस४ मध्ये पितळी स्पिंडल थेट ॲल्युमिनियमच्या बॉडीत फिरतो, मध्ये बुश (झीज सोसणारी बाही) नसतो. वर्षानुवर्षं रिटर्न स्प्रिंग त्याला एकाच बाजूला ओढत राहते. त्यामुळे स्पिंडल झिजतोच, पण बॉडीतलं भोकही लंबगोल होतं. अशा भोकात कोरा स्पिंडल घातला तरी हवा खेचणं थांबत नाही.

ही झीज एवढी का छळते? इंजिन स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) असताना थ्रॉटलच्या पलीकडे व्हॅक्यूम खूप जास्त असतो, म्हणून फटीतून हवा तेव्हाच जास्त खेचली जाते. मिश्रण पातळ होतं आणि स्लो डगमगतो. मग कुणीतरी जेट खाली करून मिश्रण घट्ट करतं आणि स्लो सुधारल्यासारखा वाटतो. रस्त्यावर मात्र थ्रॉटल उघडला की त्या गळतीचा वाटा नगण्य होतो आणि खाली केलेला जेट नुसतं जादा पेट्रोल पाजत राहतो. प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरतं, आणि दोष सुयांच्या माथी मारला जातो. ‘कितीही ट्यून केलं तरी टिकत नाही’ अशी तक्रार असलेल्या एचएस४ मध्ये सर्वांत आधी स्पिंडल तपासावा.

म्हणून ऑर्डर देण्याआधी बॉडी तपासून घ्या. इंजिन बंद ठेवून रिटर्न स्प्रिंग सोडा आणि स्पिंडलचं टोक चिमटीत धरून वर-खाली हलवा. नुसती चाहूल लागली तर चालेल, पण ‘कट-कट’ जाणवली तर भोक गेलं आहे. नंतर इंजिन स्लोवर ठेवून स्पिंडलच्या दोन्ही टोकांवर साध्या पाण्याची बारीक फवारणी करा. पाणी क्षणभर फट बुजवतं, त्यामुळे इंजिनाचा आवाज बदलला तर हवा तिथूनच जाते आहे. कार्ब क्लीनरचा स्प्रे इथे मारू नका. बी-सिरीजमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात आणि कार्ब्युरेटरच्या बरोबर खाली तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतो, त्यावर तो स्प्रे पेट घेऊ शकतो.

भोक गेलं असेल तर दोन मार्ग आहेत : दहा थाऊ जाड, म्हणजे ०.०१० इंच ओव्हरसाइझ स्पिंडल, नाहीतर भोक रीम करून (अचूक मापाला मोठं करून) बुश. दोन्हींत रीमर बॉडीच्या दोन्ही भोकांतून एका सरळ रेषेत जायला हवा. हँड ड्रिलने ते साधत नाही, जरा तिरकं झालं की थ्रॉटल अडकतो. हे काम मशीनवाल्याकडून करून घ्यावं, आणि तशा वेळी मोठ्या किटऐवजी बुश केलेल्या बॉडी व त्यांना बसणारे स्पिंडल एकत्र घ्यावेत.

बॉडी ठीक असेल तर किटमधले स्पिंडल छान बसतात. काढताना जुन्या चकतीची दिशा खुणेने टिपून ठेवा, कारण तिच्या कडा तिरक्या घासलेल्या असतात आणि ती उलटी बसवली तर थ्रॉटल पूर्ण मिटत नाही. स्क्रूची टोकं चिरून फाकवलेली असतात. ती पकडीने दाबून सरळ केल्याशिवाय पेचकस लावू नका. नवी चकती खाचेत सरकवून स्क्रू सैल ठेवा, थ्रॉटल दोन-तीनदा जोराने मिटा म्हणजे चकती आपोआप मध्यावर येते. मग बॉडी उजेडाकडे धरून कडेने सारखी फट दिसते का पाहा आणि स्क्रू आवळा. शेवटी स्क्रूची टोकं फाकवा. हा टप्पा कुणीही गाळू नये : सुटलेला स्क्रू थेट इनटेकमधून सिलिंडरात जातो. काही स्वस्त किटमधल्या स्क्रूंची चीर इतकी उथळ असते की टोकं फाकतच नाहीत. तसे आले तर ते परत करा.

जुन्या चकतीवर स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह असेल, तर तो प्रदूषण नियमांच्या काळातला ओव्हररन (ॲक्सिलरेटर सोडून गाडी धावत असताना चालणारा) व्हॉल्व्ह आहे. त्याची स्प्रिंग थकली की स्लो खाली येतच नाही. किटमधली साधी, सपाट चकती त्याच्या जागी लावली की हा त्रास मिटतो.

आता जेट आणि सुई. सुया मागवण्याआधी जुन्या सुईवरचा कोड वाचा. तो सुईच्या दांड्यावर कोरलेला असतो, पण दांडा कार्ब्युरेटरच्या पिस्टनमध्ये (हवेच्या ओढीने वर-खाली होणाऱ्या भागात) असल्यामुळे बाजूचा छोटा स्क्रू सोडून सुई बाहेर काढावी लागते. वेगवेगळ्या काळातल्या एमजीबींना वेगवेगळ्या सुया होत्या, तेव्हा ‘एमजीबीसाठी’ एवढंच छापलेल्या पाकिटावर विश्वास टाकू नये. त्याहून मोठा फरक म्हणजे जुन्या गाड्यांत सुई पिस्टनमध्ये पक्की असते, नंतरच्यांत ती स्प्रिंगवर झुलती असते. किट मागवताना हे सांगितलं नाही तर चुकीची जोडी हातात पडते. जेटचं भोक ०.०९० इंचाचं असतं. ते लंबगोल झालं असेल किंवा सुईवर एका बाजूला चकचकीत पट्टा उमटला असेल, तर दोन्ही एकत्रच बदला. जुन्या जेटमध्ये नवी सुई घालणं म्हणजे अर्धं काम.

पुढच्या आणि मागच्या कार्ब्युरेटरचे जेट सारखे नसतात. नळी कुठे वळते ते जुन्याशी ताडून पाहा. नायलॉनच्या नळीचं टोक रबरी ग्लँडच्या (गळती रोखणाऱ्या रिंगेच्या) बाहेर किमान ३/१६ इंच, म्हणजे सुमारे ४.८ मिमी आलं पाहिजे. कमी राहिलं तर नळी निसटते आणि पेट्रोल सरळ खाली पडतं. नट बेताने आवळा, रबर दाबलं जाऊन गळती थांबली की पुरे. किट बसवल्यावर होणारी बहुतेक गळती याच जागी सापडते.

पक्क्या सुईच्या कार्ब्युरेटरमध्ये जेट मध्यावर आणावा लागतो. मिश्रणाचा नट आणि त्याची स्प्रिंग काढा, नट एकटाच परत लावून जेट पूर्ण वर घ्या. जेटचा लॉक नट सैल करा, डॅम्परच्या (पिस्टनची हालचाल मंदावणाऱ्या, तेलातल्या दांड्याच्या) भोकातून पेन्सिलीने पिस्टन हलकेच खाली दाबून ठेवा आणि लॉक नट आवळा. पिस्टन उचलून सोडला की ‘टक’ असा धातूचा स्पष्ट आवाज यायला हवा. जेट वर असताना आवाज दबका आणि खाली असताना स्पष्ट येत असेल, तर सुई जेटला घासते आहे, सगळं पुन्हा करा. झुलत्या सुईला हा खटाटोप लागत नाही.

फ्लोटचे नवे नीडल व्हॉल्व्ह हा किटमधला सर्वांत समाधान देणारा भाग आहे. व्हिटॉनच्या (पेट्रोल सोसणाऱ्या रबराच्या) टोकाचे आले तर उत्तम. झाकण उलटं धरून, फ्लोटच्या वजनाने व्हॉल्व्ह मिटलेला असताना, लिव्हर आणि झाकणाच्या कडेमध्ये १/८ इंची ड्रिलचा दांडा जेमतेम सरकला पाहिजे. ३/१६ इंचापर्यंत चालतं. धातूचा लिव्हर वाकवून माप जमवता येतं. अखंड प्लॅस्टिकच्या फ्लोटला वाकवण्यासारखं काही नसतं, तिथे व्हॉल्व्हच्या सीटखाली वॉशर घालून माप साधावं लागतं. एवढं करूनही वाटी भरून वाहत असेल तर पंप पाहा. मूळ एसयू पंप सुमारे २.७ पीएसआय दाब देतो. त्याहून बराच जास्त दाब देणारा आधुनिक पंप लावला असेल, तर कुठलाही नीडल व्हॉल्व्ह त्याला रोखून धरू शकत नाही.

किटमध्ये नसलेल्या वस्तूंची यादी लांब आहे : डॅम्पर, फ्लोट, पिस्टनच्या स्प्रिंग, पेट्रोलचे पाइप. पाइपकडे दुर्लक्ष करू नये. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) झालं आहे आणि जुनं रबर त्यात मऊ होऊन तडकतं. एसएई जे३० आर९ दर्जाचा पाइप वेगळा मागवा. पिस्टनच्या स्प्रिंगच्या टोकाला लाल रंग असतो, दोन्ही सारख्याच असाव्यात. पिस्टन आणि त्याच्यावरचं घुमट कारखान्यातच जोडीने जुळवलेले असतात. दोन्ही कार्ब्युरेटर एकाच वेळी उघडून भाग एकाच ट्रेमध्ये ठेवले की ही जोडी बिघडते. ती तपासायची असेल तर पिस्टनची भोकं बुजवा, डॅम्पर लावा आणि घुमट उलटं करून पिस्टनवरून सुटू द्या. दीड इंची कार्ब्युरेटरमध्ये त्याला खाली यायला ५ ते ७ सेकंद लागले पाहिजेत. लवकर पडलं तर झीज आहे, अडखळलं तर आत घाण आहे. ती फक्त पेट्रोलने आणि कपड्याने पुसा, पॉलिश पेपर कधीही लावू नका.

कार्ब्युरेटर परत बसवताना गॅस्केटचा क्रम मॅनिफोल्डकडून असा : गॅस्केट, इन्सुलेटरचा ठोकळा, गॅस्केट, हीट शील्ड, गॅस्केट, कार्ब्युरेटर. किटमध्ये गॅस्केट कमी निघालं म्हणून एखादं गाळलं, तर जी हवा बंद करायला एवढी मेहनत घेतली तीच दुसऱ्या वाटेने आत येते.

सेटिंगला हात घालण्याआधी व्हॉल्व्हचा गॅप (थंड इंजिनाला ०.०१५ इंच), पॉइंटचा ०.०१५, प्लगचा ०.०२५ आणि टायमिंग एवढं उरकून घ्या. डॅम्परमध्ये एसएई २० तेल, पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या वर अर्धा इंच. दोन्ही जेट पुलाच्या (पिस्टनखालच्या उंचवट्याच्या) पातळीला आणून नट दोन पूर्ण फेरे, म्हणजे बारा पैलू, खाली घ्या. इंजिन गरम झाल्यावर दोन कार्ब्युरेटरमधल्या दांड्याचे क्लॅम्प सैल करून हवेची ओढ सारखी करा. मीटर नसेल तर रबरी नळी कानाला लावून फुत्कार जुळवता येतो. मग पिस्टन १/३२ इंच उचला. आवाज क्षणभर चढून स्थिरावला तर मिश्रण बरोबर, चढलेलाच राहिला तर घट्ट, पडला तर पातळ. घट्ट असेल तर नट वर, पातळ असेल तर खाली, एका वेळी एकच पैलू. एकाचं जमलं की दुसरं पुन्हा तपासा, कारण त्यांचा एकमेकांवर परिणाम होतो.

निकाल असा : बॉडी शाबूत आणि सुई-जेट झिजलेले असतील, तर मोठी किट डोळे मिटून घ्यावी. शनिवार-रविवारात काम होतं, आणि स्लो स्थिर झालेला पहिल्याच दिवशी जाणवतो. बॉडी गेली असेल तर छोटी किट घ्या आणि उरलेले पैसे बुशवर घाला. किट कुठलीही असो, पहिल्या शंभर मैलांनंतर मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळा, नवी गॅस्केट तोवर थोडी दबलेली असतात.