दापोली, डेहराडून की बिबट्याचं माहितीपत्रक? संवर्धन शिकायचंय आणि घरात पैसा नाही, तेव्हा

बारावीचा निकाल लागला आणि शेजारची मुलगी दोन कागद घेऊन आली. एक खासगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक, मुखपृष्ठावर बिबट्या. दुसरी सीईटी सेलच्या संकेतस्थळावरची पीडीएफ, सायबर कॅफेतून काळ्या-पांढऱ्यात छापून आणलेली, कडेला शाई फुटलेली. "काका, जंगलाचं दोन्हीकडे शिकवतात. मग फरक काय?" वडील ट्रकवर ड्रायव्हर, जमीन वीस गुंठे, धाकटा भाऊ नववीत. मला दीड तास लागला सांगायला, आणि तिच्यासारखी विचारणारी मुलं दरवर्षी चार-पाच तरी येतात. म्हणून एकदा लिहूनच काढतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ते लक्षात राहील. पदवीच्या नावात 'वन्यजीव' किंवा 'संवर्धन' हा शब्द असावा म्हणून एक रुपयाही जास्त मोजू नका. पहिली पदवी जितकी स्वस्तात होईल तितकी करा. खरं संवर्धनशास्त्र शिकवणाऱ्या देशातल्या चांगल्या जागा पदव्युत्तरला आहेत. तिथे प्रवेश परीक्षेवर मिळतो, पाकिटावर नाही.

वनशास्त्र की साधी बीएस्सी?

बारावीनंतर गरीब घरच्या मुलासमोर खरे पर्याय हे दोनच.

पहिला, बीएस्सी वनशास्त्र. दापोलीला डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय आहे, आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही हा अभ्यासक्रम चालतो. चार वर्षं. प्रवेश एमएचटी-सीईटीवर, कृषी शाखेच्या केंद्रीभूत फेरीतून. घरी शेती असेल तर सातबाऱ्याचा अधिभार, म्हणजे वाढीव गुण, मिळतो, त्यामुळे वीस गुंठ्यांचाही इथे उपयोग आहे. विद्यापीठ सरकारी, आवारातच वसतिगृह. शुल्काला शिष्यवृत्ती लागू होते, हा मुद्दा पुढे येतो तेव्हा नीट वाचा.

इथे काय शिकवतात हे मात्र आधी समजून घ्या. रोपवाटिका, मृदाशास्त्र, वनसंवर्धन (म्हणजे जंगल लावून वाढवणं), लाकडाचं मोजमाप, कृषिवनशेती, बांबू. वन्यजीव हा त्यातला एक तुकडा. वाघाच्या ओढीने गेलेला मुलगा पहिल्या वर्षी सागाच्या जड्या (लागवडीसाठीचे मुळांसकट खुंट) मोजत बसतो तेव्हा त्याचं तोंड उतरतं. माझा एक मित्र तिथे दुसऱ्या वर्षापर्यंत घरी परत यायच्या गोष्टी करत होता. आज तोच म्हणतो की झाड ओळखता येत नसेल तर प्राण्याचं घर कसं ओळखणार? चौथ्या वर्षी प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. ती या पदवीची सगळ्यात जमेची बाजू, कारण बाहेर त्याच अनुभवासाठी लोक पैसे घेतात.

दुसरा पर्याय तालुक्याच्या अनुदानित कॉलेजातली प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राची बीएस्सी. नाव साधं, तक्रारी हजार: प्रयोगशाळेत तीच जुनी फॉर्मॅलिनमधली बरणी, सहल म्हणजे महाबळेश्वर. पण शुल्क थोडं, मुख्य म्हणजे जेवण घरचं. पुण्यात कॉट आणि मेस मिळून महिन्याला सात-आठ हजार धरले, तर वर्षाचे दहा महिने आणि तीन वर्षं असा हिशेब सव्वादोन लाखांच्या आसपास जातो. माहितीपत्रकातल्या शुल्काच्या रकान्यात हा आकडा कधीच नसतो. पुण्यातच शिकायचं असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेतून रुजलेली ही कल्पना अजून बऱ्याच कॉलेजांत चालू आहे. त्यातून मेसचं बिल निघतं, राहण्याचं निघत नाही.

नोकरीच्या दृष्टीने दोन्हींत लोकांना वाटतो तितका फरक नाही. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, भूगर्भशास्त्र अशा विषयांची पदवी चालते, तशीच कृषी, वनशास्त्र आणि अभियांत्रिकीचीही चालते. एमपीएससीतून सहायक वनसंरक्षक किंवा वनक्षेत्रपाल व्हायचं तरी वनशास्त्रवाल्याला बाकीच्यांशी झुंजावंच लागतं. आम्हाला वेगळ्या जागा द्या, ही वनशास्त्र पदवीधरांची मागणी जुनीच आहे. वनशास्त्राचा खरा फायदा वेगळा आहे: पुढे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या परीक्षेतून देशभरच्या कृषी विद्यापीठांत एमएस्सीला जाता येतं, आणि वरच्या क्रमांकांना दरमहा शिष्यवृत्ती मिळते. साध्या बीएस्सीवाल्याला हा दरवाजा सहसा उघडत नाही.

मग निवडायचं कसं? सीईटीचे गुण दापोली-अकोल्यापर्यंत पोचत असतील आणि पाच वर्षांत पगार सुरू व्हायलाच हवा असेल, तर वनशास्त्र. गुण कमी असतील किंवा पक्षी, बेडूक, कोळी यांतच जीव अडकला असेल, तर घराजवळची बीएस्सी, आणि तीन वर्षं पुढच्या परीक्षेची तयारी.

आता बिबट्याचं पत्रक

खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांत सगळं वाईट असतं असं नाही. पुण्यातल्या एक-दोन ठिकाणी वन्यजीव विषयाची उत्तम माणसं शिकवतात आणि विद्यार्थी मनापासून काम करतात. अडचण शिकवण्यात नाही, शासन निर्णयात आहे.

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क 50 ऐवजी 100 टक्के माफ झालं. कृषी विद्यापीठांचे अभ्यासक्रम त्यात येतात. पण त्याच निर्णयात कंस टाकून लिहिलंय: खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून. व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरचे प्रवेशही वगळून. म्हणजे तीच मुलगी, तोच उत्पन्नाचा दाखला. दापोलीला केंद्रीभूत फेरीतून गेली तर शिक्षण शुल्क शून्य, बिबट्याकडे गेली तर पूर्ण. त्या कंसाबद्दल माहितीपत्रकात अवाक्षर नव्हतं. "शिष्यवृत्ती उपलब्ध" एवढंच होतं, तेही हिरव्या अक्षरांत. फोन करून विचारलं तर कळलं, पहिल्या वर्षी गुणांवर दहा टक्के सूट.

अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती वेगळी. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना वसतिगृह मिळालं नाही तर खर्चासाठी स्वाधार योजना, आदिवासी मुलांना तशीच स्वयम. अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आमच्या शेजारणीला तो लागू होत होता आणि तिच्या शाळेत कुणी तिला सांगितलंच नव्हतं.

एक खबरदारी. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरून पैसे येतात, पण उशिरा येतात. मी शिकत होतो तेव्हा कॉलेजने शिष्यवृत्ती आली नाही म्हणून माझा दाखला चार महिने अडवून ठेवला आणि त्यात पुढचा एक प्रवेश हुकला. म्हणून पहिल्या सत्राइतके पैसे हाताशी ठेवूनच निघा. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, हे प्रवेशाच्या आधी तपासा.

पदव्युत्तर: इथे खेळ बदलतो

डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था 1982 मधली, आणि तिथला वन्यजीवशास्त्राचा एमएस्सी 1988 पासूनचा. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातला वन्यजीव जीवशास्त्र व संवर्धनाचा एमएस्सी त्यानंतरचा. ते केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग, म्हणजे अणुऊर्जा विभागाचं. देशातले या विषयातले बहुतेक जाणते संशोधक या दोन दारांतून कधी ना कधी गेलेले दिसतील.

बंगळुरूला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. डॉक्टर, इंजिनीअर, पशुवैद्य येतात, आणि तालुक्याच्या बीएस्सीवाल्यालाही कुणी अडवत नाही. पण तुकडी एक वर्षाआड घेतात आणि जागा मोजून पंधरा-वीस. वर्ष चुकलं तर दोन वर्षं थांबा. थांबणं हाही खर्चच, म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षालाच पुढची तुकडी कधी आहे ते बघून ठेवा. डेहराडूनमध्ये क्षेत्रकार्य जास्त, सरकारी वनखात्याशी ओळख जास्त. बंगळुरूत संख्याशास्त्र आणि संशोधनाची शिस्त कडक. नोकरी खात्यात किंवा खात्याबरोबर हवी असेल तर मी डेहराडून म्हणेन. पीएचडी करायची असेल तर बंगळुरू.

या दोन्हींत न बसलेल्यांनी लगेच पुण्याकडे धावू नये. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात वन्यजीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. केंद्रीय विद्यापीठ असल्याने शुल्क आपल्याकडच्या विनाअनुदानित एमएस्सीच्या मानाने फारच कमी. तामिळनाडूत मयिलादुतुरैजवळच्या ए. व्ही. सी. कॉलेजात वन्यजीव जीवशास्त्राचा एमएस्सी वर्षानुवर्षं चालू आहे. महाराष्ट्रातली मुलं ही दोन नावं यादीतच धरत नाहीत. अलिगढ म्हटलं की आई-बाबा बिचकतात, मयिलादुतुरै म्हटलं की भाषेचं काय, असं विचारतात. वर्ग इंग्रजीत चालतात. सांबारची सवय होते.

पुण्यात गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचा एमएस्सी आहे. पश्चिम घाट हाकेच्या अंतरावर आणि शिकवणारे मैदानातले. ज्याची राहायची सोय पुण्यात आहे, मामा-मावशी कुणी आहे, त्याला हा पर्याय उत्तम. ज्याला कॉट भाड्याने घ्यावी लागणार, त्याने शुल्क आणि भाडं यांची बेरीज अलिगढच्या बेरजेशेजारी लिहून पाहावी. पर्यावरणशास्त्राचा एमएस्सी राज्यात बऱ्याच ठिकाणी आहे. पण त्यात पाणी-हवेचं प्रदूषण मोजणं जास्त आणि संवर्धन कमी, त्यामुळे नावावर जाऊ नका, अभ्यासक्रमाची पानं उघडा.

परदेशाचं थोडक्यात. युरोपातल्या इरास्मस मुंडस शिष्यवृत्तीत शुल्क आणि महिना 1,400 युरो मिळतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर जा. कर्ज काढून संवर्धन शिकायला परदेशी जाऊ नका. या क्षेत्रातल्या पहिल्या पगारातून तो हप्ता निघत नाही.

जे शुल्कात दिसत नाही

खरी दरी शुल्काची नाही, हे मला उशिरा कळलं. मुलाखतीत विचारतात, "कुठे क्षेत्रकार्य केलंय?" शहरातली मुलं सांगतात, अमुक अभयारण्यात दोन महिने, तमुक बेटावर कासवं. त्या दोन महिन्यांचं जेवण, प्रवास, दुर्बीण घरच्यांनी भरलेलं असतं. काही ठिकाणी तर स्वयंसेवकाकडूनच पैसे घेतात. मी एकदा असे सहा हजार भरले होते आणि तीन आठवडे एक्सेलमध्ये आकडे भरत बसलो होतो. जंगल खिडकीतून दिसत होतं.

गावच्या मुलाकडे या प्रश्नाला उत्तर असतं, फक्त त्याला ते उत्तर वाटत नाही. गावतळ्यावर वर्षभर दर रविवारी सकाळी सहा ते आठ पक्षी मोजा, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तारखेसकट टाका. देवराईतली झाडं स्थानिक नावांसह नोंदवा. घोरपड कुठल्या महिन्यात दिसते, शेतात रानडुक्कर कधी उतरतं, हे वहीत लिहा. बावन्न रविवारांची अशी नोंद दोन महिन्यांच्या पर्यटनापेक्षा वजनदार असते आणि तिला चहाचेच पैसे लागतात. दुर्बीण कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाकडे मागा; कपाटात एक तरी धूळ खात पडलेली असते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे छोटे प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहेत. पदवीच्या जागी ते चालत नाहीत, पण विषयाची भाषा कळते.

भाषा म्हणजे इंग्रजीही. प्रवेश परीक्षा इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या मुलाला बेडकाबद्दल सगळं माहीत असतं आणि वाक्य सुरू करता येत नाही. यासाठी क्लास लावू नका, रोज एक पान इंग्रजीत त्या वहीतलंच लिहा. आणि संख्याशास्त्र, तेही आत्ताच.

कमाई तातडीने हवी असेल तर आणखी एक वाट आहे, तिला कमी लेखू नका. वनरक्षक भरतीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय घेऊन बारावी पुरते. पुरुषांना 5 किलोमीटर आणि महिलांना 3 किलोमीटर धावावं लागतं. नोकरी लागल्यावर मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेले वनरक्षक मी पाहिलेत. एकाकडे तर त्याच्या बीटातल्या, म्हणजे गस्तीच्या हद्दीतल्या, प्रत्येक पाणवठ्याची नोंद होती, आणि दोन पीएचडीवाले त्याच्याच मागे फिरत होते.

पीएचडीची गोष्ट निघालीच म्हणून: सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून ती महिना 37,000 आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. तिथपर्यंत पोचलं की घरी पैसे पाठवता येतात. मधली पाच वर्षं काढणं हाच सगळा प्रश्न.

शेजारणीने शेवटी पसंतीक्रमात दापोली वर टाकलं, अकोला खाली, आणि सोबत तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा अर्जही भरून ठेवला. कागद लावताना लक्षात आलं की तिचा उत्पन्नाचा दाखला 31 मार्चलाच संपलाय. सकाळपासून ती सेतू केंद्राच्या रांगेत आहे; सर्व्हर बंद आहे, असा आत्ताच तिचा मेसेज आला.