डोळ्याची रिकामी खोबण: कातडी लावावी, फ्लॅप करावा की तशीच भरू द्यावी?

कर्करोग किंवा म्युकरमायकोसिस म्हणजे काळ्या बुरशीच्या आजारामुळे डोळ्यासकट आजूबाजूची चरबी आणि स्नायूही काढले की हाडाची उघडी खोबण उरते. ती झाकायची कशी, हे बहुतेक वेळा ऑपरेशनआधीच ठरतं. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, सर्जनसमोर बसाल तेव्हा पहिला प्रश्न रेडिएशनचा विचारा (आधी झालंय का, पुढे लागणार का), चेहऱ्याचा नंतर.

काहीच न लावता जखम आतून भरू देणं दिसायला सर्वांत सोपं. ऑपरेशन छोटं, कातडी काढण्यासाठी मांडीला जखम नाही. पण भरायला दोन ते चार महिने जातात आणि तोवर ड्रेसिंग चालूच. काणकोण-सत्तरीसारख्या लांबच्या तालुक्यातल्या घरातून हे कोण सांभाळणार, ते आधी ठरवा. रेडिएशन लवकर सुरू करायचं असेल तर हा मार्ग मी सुचवणार नाही.

मांडीची पातळ कातडी, म्हणजे स्प्लिट स्किन ग्राफ्ट, हा जुना आणि भरवशाचा उपाय. साधारण 0.3 ते 0.45 मिलिमीटर जाडीचा पापुद्रा काढतात. बारीक छिद्रं पाडली की खालचं रक्त, पाणी निघून जातं, नाहीतर कातडी उचलली जाते. वर घट्ट बोळा बसवून पाच ते सात दिवस हलू देत नाहीत. पहिले दोन दिवस ही कातडी खालून झिरपणाऱ्या द्रवावरच जगते, रक्तवाहिन्या नंतर जुळतात. म्हणून हाडावरचं आवरणच गेलं असेल किंवा तिथे आधी रेडिएशन झालं असेल, तर ती धरेलच असं नाही. जखम काही आठवड्यांत बसते, खोबण खोल राहते आणि आजार परतला तर डॉक्टरांना नुसतं बघून कळतं. गैरसोय खपल्यांची. त्या साफ केल्या नाहीत तर वास येतो. शिवाय दुखते ती मांडी, डोळ्याची जागा नव्हे. पावसाळ्यातल्या ओलसर हवेत तिथलं ड्रेसिंग सांभाळणं कटकटीचंच.

पूर्ण जाडीची कातडी नंतर कमी आकसते. पण कानामागून किंवा दंडाच्या आतून ती मिळते जेमतेम, पूर्ण खोबणीला पुरत नाही.

कानशिलाचा स्नायू फिरवून किंवा मांडीचं मांस रक्तवाहिन्यांसकट आणून खोबण भरणं म्हणजे फ्लॅप. सायनसकडे किंवा मेंदूच्या आवरणाकडे भोक पडलं असेल तर वाद घालू नका, हाच करावा लागतो. रेडिएशनही तो चांगलं सोसतो. मात्र ऑपरेशन लांबतं, आणि आत गाठ पुन्हा वाढली तर वरून दिसत नाही, एमआरआय करत राहावं लागतं.

सिलिकॉनचा कृत्रिम डोळा-पापणी बसवायची असेल तर खोल खोबण सोयीची. भरलेल्या खोबणीत त्याला जागाच उरत नाही. आपल्याकडच्या घामात तो चिकटवायचा गोंद सुटतो, तेव्हा चष्म्याला जोडलेला किंवा हाडात रोवलेल्या चुंबकावर बसणारा मिळेल का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.