पैसाकवडी की वलयकवडी?
देवीच्या माळेसाठी परवा भुलेश्वरात कवड्या घ्यायला गेले. दुकानदाराने मूठभर काचेवर ओतल्या, तर त्यात दोन जातींची सरमिसळ.

पैसाकवडी, म्हणजे मोनेटारिया मोनेटा, पिवळसर असते. कडेला टेंगळं, त्यामुळे आकार जवळपास षट्कोनी. बोटांत फिरवली की कोपरे जाणवतात. मालदीवहून बंगालात आणि पुढे पश्चिम आफ्रिकेपर्यंत चलन म्हणून मुख्यतः हीच गेली. वलयकवडी, मोनेटारिया ॲन्युलस, गुळगुळीत नि अंडाकृती, राखाडी पाठीवर सोनेरी कडं. दिसायला हीच देखणी. 19व्या शतकात जर्मन व्यापाऱ्यांनी झांझिबारकडून ती जहाजं भरभरून पश्चिम आफ्रिकेत नेली आणि तिथे कवडीचा भाव पार उतरला. दोघींची मोनेटा नि ॲन्युलस ही जातिनावं स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनेच दिली, 1758 मध्ये.

पाठ घासलेली असेल तर कडं दिसत नाही. तेव्हा टेंगळं चाचपावीत.

माळेला मी पैसाकवडीच घेते, ओवल्यावर ती भरीव दिसते. पण एक गोष्ट मनाला लागते. कवडीतली जिवंत समुद्री गोगलगाय मांसल पडद्याने ती झाकून ठेवते, म्हणून ती चमक टिकते. आरशासारखी चकाकणारी कवडी बहुधा जिवंतपणीच उचललेली असते. त्यामुळे यंदा निम्म्या कवड्या आजीच्या तुटक्या माळेतल्याच ओवल्या.