रोबोट किटचा सात महिन्यांचा अनुभव आणि एका चौकोनी बॅटरीची तक्रार

या किटविषयी दुसऱ्याच आठवड्यात मी ‘मोटर ड्रायव्हर निकृष्ट आहे, घेऊ नये’ असा शेरा दिला होता. सात महिन्यांच्या वापरानंतर तो मागे घेत आहे. मात्र खोक्यासोबत आलेल्या ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवरचा माझा राग अद्याप शमलेला नाही.

आर्डुइनो उनो (रोबोटचा मेंदू असलेला छोटा बोर्ड), ब्रेडबोर्ड (तारा खुपसून जोडणी करायची छिद्रांची पाटी), एल२९३डी आयसी (मोटरींना वीज पुरवणारी चिप, म्हणजेच वर म्हटलेला मोटर ड्रायव्हर), दोन पिवळ्या गिअर मोटर आणि अल्ट्रासॉनिक सेन्सर (ध्वनीने अंतर मोजणारा) असा हा संच आहे; त्याचे अधिक वर्णन करीत नाही. शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी माझ्या मुलीने सारी जोडणी स्वतः केली आणि ती मी दोनदा आकृतीशी ताडून पाहिली. रोबोट हातात उचलून धरला की दोन्ही चाके झकास फिरत. जमिनीवर ठेवताच तो वीतभर सरके, थबके आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. विक्रेत्याशी आठवडाभर पत्रव्यवहार झाला, त्याने एकामागून एक दोन नव्या आयसी पाठवल्या, आणि दोन्ही वेळा रोबोट तसाच अडखळला. दरम्यान बॅटरी उतरली असावी या समजुतीने मी आणखी तीन चौकोनी बॅटऱ्या विकत आणल्या, ही उधळपट्टी मला आजही सलते.

दोषाचा माग मुलीला लागला. संगणकाची केबल जोडल्यावर आर्डुइनोवरचा १३ क्रमांकाच्या पिनेचा छोटा दिवा जसा लुकलुकतो, तसाच तो जमिनीवर चाके फिरू लागताच लुकलुकतो, हे तिने दाखवून दिले. म्हणजे बोर्ड दर वेळी बंद पडून नव्याने सुरू होत होता. मल्टिमीटर लावला तेव्हा मोकळ्या बॅटरीवर ९ व्होल्टहून अधिक दाब दिसला, पण रोबोट चालू लागताच तो ६ च्याही खाली आला. बॅटरीवर चालवताना उनोला किमान ७ व्होल्ट हवेत. चौकोनी बॅटरीच्या पोटात सहा चिमुकले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. धूर ओळखणाऱ्या यंत्राला लागणारा नगण्य प्रवाह ते दीर्घकाळ पुरवतात. परंतु सुरू होताना किंवा अडल्यावर प्रत्येकी अर्धा अँपिअर सहज ओढणाऱ्या दोन मोटरींपुढे त्यांचा निभाव लागत नाही. हे ठाऊक असूनही किट बनवणारे हीच बॅटरी देत असतील, तर त्याला काटकसर म्हणता येणार नाही. काटकसर मला कळते.

मोटरींसाठी पेन्सिल सेलचा स्वतंत्र बॉक्स लावला, तर रोबोट जागचा हलेनाच. दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड (ऋण टोके) एकमेकांस जोडायचे राहिले होते; एका काळ्या जंपर वायरने (जोडणीच्या छोट्या तारेने) ते काम झाले. येथे मला मत थोडे बदलावे लागले, कारण केवळ उनो आणि सेन्सर यांच्यासाठी तीच चौकोनी बॅटरी कित्येक तास उत्तम पुरते. सेल रिचार्जेबलच वापरायचे हा माझा हट्ट मात्र नडला. असे चार सेल ४.८ व्होल्ट देतात, त्यातले सुमारे दोन व्होल्ट आयसीच गिळते आणि उरलेल्या दाबावर रोबोट सतरंजीच्या काठालाच अडतो. सहा सेलांचा बॉक्स घेतल्यावर तो अडथळा पार करू लागला.

ब्रेडबोर्डबद्दल थोडक्यात सांगतो. त्याच्या कडेची लाल पट्टी मध्यावर आतून तुटक आहे, त्यामुळे पलीकडच्या अर्ध्या भागाला वेगळी वायर द्यावी लागते. आणि एकदा जाड तार खुपसलेल्या छिद्रांत नंतर बारीक जंपर सैल बसतो. पाचव्या महिन्यात डावे चाक रुसले, तेव्हा एक जंपर वरून अखंड पण आतून तुटलेला निघाला. अशा किरकोळ दोषांसाठी मी गुण कापणार नाही.

गेल्या आठवड्यात मुलीने तिन्ही आयसी आळीपाळीने बसवून पाहिल्या. तिन्ही ठणठणीत आहेत, आणि सध्या रोबोटवर मी निकृष्ट ठरवलेली पहिलीच आयसी चालू आहे.